मुदत उलटलेला फिल्म रोल वापरताना या चुका टाळा

मुदत उलटलेला रोल हाती आला की बहुतेक जण आधी खोक्यावरची तारीख वाचतात आणि त्या आकड्यावरूनच सगळा हिशेब मांडतात. पहिली चूक इथेच होते. रोल इतकी वर्षे कोठे होता, हे तारखेइतकेच, किंबहुना अधिक महत्त्वाचे असते. पंधरा वर्षे फ्रीजमध्ये राहिलेला रोल जवळजवळ नव्यासारखा निघू शकतो. तोच रोल नागपुरातल्या एखाद्या बंद स्टुडिओच्या माळ्यावर पंधरा उन्हाळे काढून आला असेल, तर त्याच्याकडून नीट रंगांची अपेक्षा धरू नये. ‘थंड जागी ठेवला होता’ हे विक्रेत्याचे वाक्य मी तरी निम्मेच खरे मानतो.

‘दर दहा वर्षांमागे एक स्टॉप जादा प्रकाश द्यावा’ (एक स्टॉप जादा म्हणजे प्रकाश दुप्पट) हा सर्वांना पाठ असलेला नियम मुळात साध्या तापमानात राहिलेल्या रंगीत निगेटिव्हसाठी आहे. वय वाढते तशी फिल्मची संवेदनशीलता घटते आणि तिच्यावर प्रकाश न पडताही फॉगचा करडा थर चढत जातो. सावलीतला तपशील त्या थरात बुडतो, आणि जादा प्रकाश दिला तरच तो वर येतो. म्हणून वीस वर्षांपूर्वी मुदत संपलेला ४०० आयएसओचा (आयएसओ म्हणजे फिल्मच्या संवेदनशीलतेचा, अर्थात वेगाचा, आकडा) रोल १०० धरून वापरणे योग्य ठरते. स्लाइड फिल्मला, म्हणजे जिच्यावर थेट सुलटे चित्र उमटते तिला, मात्र हा नियम लावू नये. तिच्यात जादा प्रकाश पडलेला भाग कोरा होतो आणि गेलेला तपशील परत मिळवता येत नाही. मी एकदा जुन्या स्लाइडच्या रोलला डोळे मिटून दोन स्टॉप जादा दिले, तेव्हा आकाशाच्या जागी पारदर्शक पट्टी तेवढी उरली होती. स्लाइड छापील वेगावर किंवा फार तर अर्धा स्टॉप जादा देऊन वापरावी. कमी वेगाचे कृष्णधवल रोल सर्वांत चिवट असतात. याउलट ८०० आणि १६०० आयएसओचे रोल वातावरणातल्या नैसर्गिक किरणोत्सर्गानेही धूसर होतात, आणि तो फ्रीझरमध्येही थांबत नाही.

स्वयंचलित कॅमेऱ्यात आणखी एक अडचण येते. रोलच्या डबीवरचे रुपेरी-काळे चौकोन, म्हणजे डीएक्स कोड, वाचून कॅमेरा स्वतःच आयएसओ ठरवतो, त्यामुळे आपण मनात १०० धरले तरी तो ४०० वरच चालतो. चौकोनांवर चिकटपट्टी लावल्यास बरेच कॅमेरे १०० धरतात. तरीही आपल्या कॅमेऱ्याची माहितीपुस्तिका आधी पाहावी.

प्रकाश कमी पडला असेल या भीतीने लॅबला ‘जरा जास्त वेळ धुवा’ असे सांगणे ही तर हमखास होणारी चूक आहे. जास्त वेळ धुतल्याने चित्राबरोबर फॉगही वाढतो. जी भर घालायची ती फोटो काढतानाच घालावी आणि रोल नेहमीच्या वेळेत धुऊन घ्यावा.

धुण्याची प्रक्रिया कोणती, हे खोक्यावर न वाचता रोल देणे सर्वांत महागात पडते. कोडॅकने १९७२ मध्ये रंगीत निगेटिव्ह धुण्याची सी-४१ प्रक्रिया आणली. त्याआधीच्या सी-२२ रोलचा थर सी-४१ च्या ३८ अंश सेल्सिअसच्या रसायनात सुटून येऊ शकतो आणि लॅबच्या टाकीतले इतरांचे रोलही बिघडवू शकतो. कोडाक्रोम ही कोडॅकची स्लाइड फिल्म धुणारी शेवटची लॅब अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात होती आणि तिने २०१० च्या अखेरीस नवे रोल घेणे थांबवले. आता तो रोल फार तर कृष्णधवल म्हणून धुता येतो. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ कृष्णधवल रोल सापडला, तर तो मात्र घरच्या टाकीतही धुता येतो.

फ्रीजमधून काढलेला रोल लगेच उघडू नये, विशेषतः कोकणातल्या पावसाळ्यात. थंड फिल्मवर दव धरते. डबी न उघडता निदान दोन तास बाहेर ठेवावी, आणि फ्रीझरमधला रोल असेल तर आणखी काही तास.

एकाच खेपेचे चार-पाच रोल असतील तर त्यातला एक चाचणीसाठी खर्ची घालावा. तेच दृश्य छापील वेगावर, मग एक, दोन आणि तीन स्टॉप जादा देऊन टिपावे आणि उरलेल्या रोलचा हिशेब त्यावरून ठरवावा. रोल एकच असेल, तर पुन्हा न घडणारा प्रसंग त्याच्यावर सोपवू नये. धुऊन झाल्यावर लॅबकडून निगेटिव्ह अवश्य परत घ्यावी, कारण यंत्राच्या आपोआप स्कॅनमध्ये हिरवट चिखल दिसणाऱ्या फ्रेममधूनही रंग हाताने जुळवल्यावर कित्येकदा बरे चित्र निघते.