ट्रॅकची गाडी रस्त्यावर आणताना आधी ब्रेक पॅड
ट्रॅकसाठी बांधलेली स्पोर्ट्स कार रोज चालवायची असेल, तर सस्पेन्शनला हात लावण्याआधी ब्रेक पॅड बदला. रेसिंगचे पॅड तापल्यावरच नीट पकडतात. सकाळी पहिल्याच सिग्नलला ते थंडगार असतात आणि गाडी अपेक्षेपेक्षा पुढे जाऊन थांबते. शिवाय किंचाळतात, डिस्कही खातात. रस्त्याचे पॅड लावा आणि ट्रॅकच्या दिवशी पुन्हा बदला. तेवढी खटपट परवडते. मात्र दर वेळी नवे पॅड लावल्यावर काही वेळा ब्रेक दाबून ते डिस्कवर नीट बसवून घ्या.

मग अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन. टायरची आतली कड झिजली की सगळे कॅम्बरला (चाकाचा वरून आत झुकलेला कोन) शिव्या घालतात, पण खरा खादाड बहुधा टो-आउट (चाकांची पुढची बाजू बाहेर वळलेली असणे) असतो. कॅम्बर थोडा राहू द्या, टो शून्याजवळ आणा. सेमी-स्लिक (फार कमी खाचांचे, ट्रॅकचे) टायर असतील तर साचलेल्या पाण्यात वेग नकोच.