सिंहली ‘श्री’ तुटली तेव्हा

श्रीलंकेविषयीच्या एका मजकुरात सिंहली ‘श्री’ हे जोडाक्षर सुटून श आणि री वेगवेगळे दिसू लागले, आणि मी दोन दिवस फॉन्टच तपासत राहिलो. प्रत्यक्षात मजकूर साफ करणारी माझी स्क्रिप्ट (छोटा प्रोग्रॅम) अदृश्य चिन्हांबरोबर झीरो विड्थ जॉइनर, म्हणजे अक्षरे जोडायला सांगणारे अदृश्य चिन्ह (युनिकोड क्रमांक यू+२००डी), पुसून टाकत होती. देवनागरीत हलन्तापुढे व्यंजन आले की जोडाक्षर आपोआप बनते; सिंहलीत मात्र अल्-लकुन हे हलन्तचिन्ह, यू+०डीसीए, नुसते दिल्यास तसेच दिसत राहते आणि रकार जोडण्यासाठी त्यापुढे जॉइनर द्यावाच लागतो. श, अल्-लकुन, जॉइनर, र, दीर्घ ईकार असा क्रम पुन्हा भरला व स्क्रिप्टमध्ये जॉइनरला सूट दिली. मराठीतही ‘ऱ्य’मधला अर्धा र पुष्कळदा याच जॉइनरने लिहिलेला असतो. जॉइनर गेल्याने माझ्या जुन्या मजकुरातल्या ‘दऱ्या’ केव्हाच ‘दर्या’ झाल्या होत्या.