३.४ केल्विनचा चकवा

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी एका रात्री रेझिस्टन्सचा आलेख ३.४ केल्विनला धाडकन खाली आला. सॅम्पल सीरियम-रोडियम-इंडियमचं, आणि प्रेशर अजून दिलंच नव्हतं. हा धातू ३.८ केल्विनखाली अँटिफेरोमॅग्नेट होतो, म्हणजे शेजारचे अणुचुंबक एकमेकांच्या उलट दिशांना लागतात. सुमारे १६ किलोबार दाबाखाली २.१ केल्विनच्या आसपास अतिसंवाहक होतो, म्हणजे रेझिस्टन्स पार शून्य होतो, हे २००० सालीच छापून आलंय. मग हे काय? आनंदाने झोप उडाली. सकाळी सिनियरने आलेख पाहून एवढंच विचारलं, "ॲसिडमधून काढलं होतंस का?"

हे स्फटिक वितळलेल्या इंडियममध्ये वाढवतात. जास्तीचं इंडियम सेंट्रिफ्यूजने काढलं तरी थोडं चिकटून राहतं, आणि इंडियम स्वतःच ३.४ केल्विनला अतिसंवाहक होतं. सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिडने धुतल्यावर माझा शोध नाहीसा झाला.

म्हणून नव्यांना मी थिअरीच्या आधी सॅम्पलबद्दल सांगते. नेहमीच्या अतिसंवाहकात चुंबकीय अणू मिसळले की अतिसंवाहकता घडवणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या जोड्या फुटतात. सीरियमच्या अशा धातूंत उलटंच. १९९८ मध्ये केंब्रिजचे भौतिकशास्त्रज्ञ लोन्झारिच यांच्या गटाने सीरियम-पॅलेडियम-सिलिकॉनवर दाब वाढवत नेला. १० केल्विनला येणारं चुंबकत्व २८ किलोबारजवळ मावळलं आणि नेमकं तिथेच, ०.४ केल्विनच्या आसपास, अतिसंवाहकता उगवली. मावळत्या चुंबकत्वाची थरथरच जोड्या बांधते, असं मानतात. पण या जोडीच्या तरंगाचं चिन्ह (अधिक की उणे) दिशेनुसार बदलतं, त्यामुळे साधी, बिनचुंबकीय अशुद्धीही तिला फोडते. लोन्झारिच यांच्या गटालाही अतिसंवाहकता दिसली ती अतिशुद्ध स्फटिकांतच.

आलेख बघताना फक्त शून्याकडे धावू नका. त्याच्या वरचा भागही बोलतो: साध्या धातूत कमी तापमानाला रेझिस्टन्स तापमानाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे घातांक २; केंब्रिजच्या त्या स्फटिकांत मात्र तो १.२ च्या आसपास आला. मला आजही हाच भाग जास्त सुंदर वाटतो.

एमएस्सी करत असाल तर मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेच्या व्हीएसआरपी या विद्यार्थी कार्यक्रमासारखा उन्हाळी प्रकल्प करा. सीरियमसारख्या दुर्मिळ मृदा धातूंचे स्फटिक तिथेच वाढवतात.

आणि प्रेशर सेल (सॅम्पलवर दाब देणारी छोटी बंद कुपी) भरताना सॅम्पलशेजारी शिशाचा तुकडा ठेवा. शिसं ७.२ केल्विनला अतिसंवाहक होतं आणि दाबाबरोबर ते तापमान घसरतं. आतला खरा दाब त्यावरूनच कळतो. नट आवळताना थोड्या थोड्या वेळाने रेझिस्टन्स मोजायला सॅम्पलला जोडलेल्या चारही सोन्याच्या तारा मल्टिमीटरने तपासा. केसापेक्षा बारीक असतात. एक जरी तुटली तरी तिथेच थांबा, सेल उघडा.