स्किड स्टीअरचा पंप गळतोय? सील मागवण्याआधी केस प्रेशर बघा

कुडाळ एमआयडीसीतल्या आमच्या शेडमध्ये स्किड स्टीअर येतो तो बहुतेक वेळा निदान सोबत घेऊनच. मालक फोनवर सांगून मोकळा झालेला असतो, "पंप गेला, सील मागवून ठेव, उद्या मशीन पाहिजे." महामार्गाचं काम, चिऱ्याच्या खाणी, बंदरावरचा माल, आरएमसी (तयार काँक्रीटचे) प्लांट, सगळीकडे हे छोटं लोडर फिरतंय (कंपनी कुठलीही असो, आपल्याकडे त्याला बॉबकॅटच म्हणतात), पण त्याचं हायड्रॉलिक समजून काम करणारी माणसं अजून कमी आहेत. आयटीआयच्या एक वर्षाच्या डिझेल मेकॅनिक ट्रेडमधून बाहेर पडताना इंजिन बऱ्यापैकी कळलेलं असतं. हायड्रॉलिकचं तसं होत नाही. म्हणून या लाईनीत नव्याने येणाऱ्या मुलांसाठी हे लिहितोय.

रचना तुम्हाला माहीत असेलच. फ्लायव्हीलवरून, काही मॉडेलात पट्ट्यावरून, फिरणारे दोन हायड्रोस्टॅटिक पिस्टन पंप, डाव्या आणि उजव्या चाकांसाठी एकेक. त्यांच्या पाठीला आर्म आणि बकेटसाठी गिअर पंप. शिवाय या पिस्टन पंपांना तेल पुरवत राहणारा छोटा चार्ज पंप. हे सगळं इतक्या अडचणीत कोंबलेलं असतं की हात जातो तिथे नजर जात नाही आणि नजर जाते तिथे पाना फिरत नाही. गळतीचं निदान चुकतं त्याचं निम्मं कारण हेच आहे.

कामाला लागण्याआधी दोन गोष्टी, आणि यात माझ्याशी वाद घालू नका. आर्म वर असतील तर आर्मचा लॉक लावल्याशिवाय खाली डोकं घालायचं नाही. जॅक, लाकडाचा ठोकळा, "दोनच मिनिटांचं काम आहे", यातलं काहीही चालणार नाही. दुसरी गोष्ट, चालू मशिनची गळती हाताने चाचपायची नाही. आर्म-बकेटच्या लाईनीत २०० बारच्या आसपास प्रेशर असतं. होजला सुईएवढं भोक असेल तरी त्यातून निघालेलं तेल हातमोज्यातून, कातडीतून आत शिरतं. त्या वेळी टोचल्याइतकंच जाणवतं, फारसं दुखतही नाही. काही तासांनी हात सुजतो आणि उशीर झाला तर बोट, कधी हातही, जातो. तसं झालंच तर हळद लावून घरी जाऊ नका. ज्या हॉस्पिटलात हाताची शस्त्रक्रिया होते तिथे लगेच जा आणि "प्रेशरचं तेल आत गेलंय" हे स्पष्ट सांगा. गळती शोधायला पुठ्ठ्याचा तुकडा पुरतो.

एवढं वाचून घाबरू नका. ही सवय एकदा अंगात मुरली की काम निवांत होतं.

मी ज्यांच्या हाताखाली शिकलो ते मेस्त्री मालवणचे. त्यांचं एकच पालुपद असायचं, "झिला, आधी पूस, मगे बघ." त्याची किंमत फार उशिरा कळते. आपल्याकडची लाल माती तेलावर बसली की असा चिखल होतो की पंप, व्हॉल्व्ह, होज सगळं एकाच रंगाचं दिसतं. तेल वरून खाली येतं. कंट्रोल व्हॉल्व्हच्या एखाद्या सैल फिटिंगमधून निघालेला थेंब होजवरून घरंगळत पंपाच्या अंगावर येऊन थांबतो आणि नाव पंपाचं होतं. म्हणून बेली पॅन (मशिनच्या पोटाखालचा पत्रा) उघडा, डिग्रीजर लावून धुवा, हवेने सुकवा, टाल्कम पावडर भुरभुरा आणि मशीन चालवा. पावडर पहिल्यांदा जिथे ओली होते तिथून वर बघत जा. तेलात टाकायचा डाय आणि यूव्ही बॅटरी मिळाली तर आणखी सोपं.

बेल हाऊसिंगच्या (इंजिन आणि पंपाच्या मधलं, फ्लायव्हीलभोवतीचं कवच) खालच्या भोकातून थेंब पडत असेल तर दोनच शक्यता धरा. इंजिनाचं मागचं क्रँक सील किंवा पंपाचा शाफ्ट बाहेर येतो तिथलं शाफ्ट सील. इथे तेलाच्या रंगावर जाऊ नका, काही मशिनींत हायड्रॉलिकलाही १०डब्ल्यू-३० इंजिन ऑईलच घालतात. दोन्ही लेव्हल खुणेवर आणा, दिवसभर मशीन चालू द्या आणि कुठली उतरली ते बघा. कंटाळवाणं आहे, पण क्रँक सीलसाठी फ्लायव्हील उतरवून झाल्यावर ते कोरडं निघालं तर जे वाटतं, त्यापेक्षा हा एक दिवस परवडतो.

सक्शनची बाजू बाहेर गळत नाही, ती हवा आत ओढते. पंप किंचाळतो, टँकमध्ये फेस दिसतो, आर्म झटके देत उचलतात. सक्शनच्या क्लॅम्पवर ग्रीस थापा. आवाज बदलला तर चोर सापडला. याच्यावर जास्त लिहीत नाही, कारण हे लवकर जमतं.

आता ज्याने मला सगळ्यात जास्त छळलं ते. जरा लांबण लावतोय, कारण अजूनही बेल हाऊसिंगखाली थेंब दिसला की माझ्या पोटात गोळा येतो.

चिऱ्याच्या खाणीतलं एक मशीन होतं. शाफ्ट सील फाटलेलं, स्पष्ट दिसत होतं. पंप उतरवला, चांगल्या मेकचं सील बसवलं, मशीन पाठवलं. काही दिवसांत पुन्हा थेंब. पुन्हा पंप उतरवला. शाफ्टवर नख फिरवलं, ओरखडा नाही. बेअरिंगमध्ये खेळ नाही. कपलिंग सरळ. पुन्हा नवं सील, पुन्हा तेच. मालकाला आमच्या सीलवर संशय यायला लागला आणि आम्हाला सीलवाल्यावर. सील बिचारं चांगलंच होतं. त्याच्या पाठीमागे जे घडत होतं तिकडे कोणी बघितलंच नव्हतं.

पिस्टन पंपात थोडं तेल पिस्टनच्या, स्वॅशप्लेटच्या (पिस्टन मागेपुढे करणारी तिरकी प्लेट) फटींतून सतत पंपाच्या पोटात, म्हणजे केसमध्ये, गळत असतं. ते गळायलाच हवं, त्यानेच आतलं सगळं भिजलेलं राहतं. हे तेल केस ड्रेनच्या होजने टँककडे परत जातं. शाफ्ट सील अडवतं ते या केसमधलं तेल, २०० बारवालं नव्हे. साधं ऑईल सील अर्ध्या बारच्या आसपास दम तोडतं. पंपातलं सील त्याहून सोशिक असतं, तरी केस प्रेशरची मर्यादा बहुधा २-३ बारच्या घरातलीच. नेमका आकडा त्या मशिनच्या मॅन्युअलमध्ये असतो आणि तोच खरा धरायचा. परतीचा रस्ता अडला की केसमधलं प्रेशर चढतं आणि सगळ्यात मऊ जागेतून वाट काढतं. ती मऊ जागा म्हणजे सीलची कड. तुम्ही जगातलं सगळ्यात महाग सील बसवा, तेही जाणार.

मग केस ड्रेनला टी लावून ० ते १० बारचा छोटा गेज जोडला. ४०० बारच्या गेजवर हे दिसत नाही, काटा जागचा हलत नाही आणि आपण समजतो सगळं ठीक आहे. तेल गार असताना एकदा आणि चांगलं तापल्यावर एकदा, इंजिन पूर्ण रेसवर ठेवून वाचायचं. चाकं चालवून बघायची तर मशीन ठोकळ्यांवर घेऊन, चाकं अधांतरी ठेवून. आमचा काटा मॅन्युअलमधल्या आकड्याच्या कितीतरी वर गेला.

केस ड्रेनचा होज बाहेरून कोराच दिसत होता. आधी कुणीतरी बदललेला. काढून लांबीत चिरला तेव्हा आतला रबराचा थर सुटून जिभेसारखा लोंबत होता. तेल वाहायला लागलं की ती जीभ उभी राहून वाट बंद करायची. होज नवा घातला, प्रेशर खाली आलं, आणि त्यानंतर बसवलेलं सील टिकलं.

प्रेशर जास्त आलं म्हणजे होजच खराब, असं मात्र धरून चालू नका. त्या लाईनीतून किती तेल येतंय तेही बघावं लागतं. टँककडचं टोक सोडा, टँकचं भोक बंद करा, होज बादलीत धरा आणि घड्याळ लावून मोजा. प्रेशर जास्त आणि तेल बेताचं, तर कुठेतरी अडथळा आहे: होज, फिल्टर, काही मशिनींत हे तेल कूलरमधून जातं तो कूलर. तेल धो धो येत असेल तर पंपच आतून झिजलाय, आणि मग सीलवर पैसे घालवण्यात अर्थ नाही. त्यातही एक गोम आहे. काही मशिनींत चाकांच्या मोटरींचं केस ड्रेन पंपाच्या केसमधून टँकला जातं. तिथे झिजलेली मोटर आणि फाटणारं सील पंपाचं, असं होतं. म्हणून त्या मशिनचं सर्किट डायग्राम समोर ठेवल्याशिवाय पंपावर ठपका ठेवू नका. आणि काहीही झालं तरी केस ड्रेनच्या पंपाकडच्या टोकाला प्लग मारून मशीन चालू करू नका. सील क्षणात उडेल.

ब्रीदरही बघा. टँकचा ब्रीदर लाल धुळीने बुजला की तेल तापून फुगल्यावर हवेला बाहेर पडायला जागा उरत नाही. टँकमध्ये चढलेलं प्रेशर तसंच केसवर जाऊन बसतं. ज्या मॉडेलात टँकची कॅप मुद्दाम प्रेशरची दिलेली नाही तिथे झाकण सैल करताना फुस्स आवाज आला, तर पाना बाजूला ठेवा आणि आधी ब्रीदर बदला. अशाने वाचलेले पंप मी पाहिलेत.

कोकणात आणखी एक कारण असतं, ते देशावरच्या मुलांना पटत नाही. पावसाळ्यात मशीन महिनोन् महिने उभं राहतं. खारी हवा, तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, सगळीकडे ओल. सीलच्या कडेला बाहेरून शाफ्टवर गंजाचे टिपके धरतात. गणपतीनंतर काम सुरू झालं की तेच टिपके सीलची कड खरवडतात. अशा वेळी केस प्रेशर ठीक असतं आणि नवं सीलही जातं. शाफ्टवर नख अडलं तर दुरुस्ती स्लीव्ह (शाफ्टवर चढवायची पातळ नळी) बसवा, किंवा हाऊसिंगमध्ये जागा असेल तर सील थोडं मागेपुढे बसवून कड कोऱ्या जागेवर आणा. पॉलिश पेपर शाफ्टच्या लांबीत घासू नका, गोल फिरवा. लांबीतल्या रेघांतून तेल सीलच्या कडेखालून बाहेर चालत येतं. मालकांना मात्र एवढंच सांगा की पावसाळ्यात आठवड्यातून एकदा मशीन चालू करून आर्म हलवा. फुकटचा उपाय आहे, तरी कोणी ऐकत नाही याचा मला राग येतो.

बसवताना स्प्रिंगची बाजू तेलाकडे. कडेला तेल किंवा ग्रीस लावा, स्प्लाईनवर (शाफ्टच्या टोकाचे दाते) पातळ टेप गुंडाळा, नाहीतर शाफ्टवर चढतानाच कड कापली जाते. हातोडी थेट सीलवर नको, मापाचा पाईप किंवा ड्रिफ्ट घ्या, तिरपं बसलं तर काढून टाका. आणि पंप चढवल्यावर केसमध्ये तेल भरल्याशिवाय इंजिनला स्टार्टर मारू नका. कोरडा फिरलेला पिस्टन पंप पहिल्या मिनिटातच जखमी होतो. ही चूक सीलपेक्षा कितीतरी महाग पडते.

शॉर्टकटबद्दल माझी मतं कडक आहेत. गळती थांबवायचं औषध टँकमध्ये ओतणं, ४६ नंबरच्या तेलाच्या जागी जाड ६८ नंबरचं घालून "जाड केलंय, आता नाही येणार" म्हणणं, पंपाच्या जोडावर ओ-रिंगऐवजी सिलिकॉन थापणं, फ्लेअर फिटिंगवर टेफ्लॉन टेप मारणं, हे सगळं मशीन गेटबाहेर जाईपर्यंतचं काम. सिलिकॉनचा तुकडा सुटून आत गेला की चार्ज रिलीफ व्हॉल्व्हमध्ये अडकतो, मग गळतीच्या जागी "मशीन ओढत नाही" ही नवी तक्रार सुरू. ओ-रिंगही मापानेच घ्या. बेळगावच्या उद्यमबागेत किंवा कोल्हापुरात जुनी ओ-रिंग सोबत नेली तर माप मिळतं. फोनवर "अंदाजे एवढी" सांगून मागवलेली ओ-रिंग मी आता शेडमध्ये येऊ देत नाही.

मेस्त्री निवडताना बघा, तो "का" विचारू देतो की नाही. जुने हात भारी असतात, त्यांच्या कानाला पंपाचा आवाज कळतो, तो मान त्यांना द्यायलाच हवा. पण बऱ्याच जणांनी आयुष्यात केस प्रेशर मोजलेलं नसतं आणि विचारलं की चिडतात. त्यांच्याशी भांडू नका. पहिल्या पगारातून स्वतःचा छोटा गेज, टी आणि दोन-चार अडॅप्टर घ्या, जेवणाच्या सुट्टीत लावून आकडा वहीत लिहा. माझ्या वहीतल्या आकड्यांनी मला जे शिकवलं ते कुठल्या शेडमध्ये कोणी तोंडाने सांगितलं नव्हतं. मॅन्युअल इंग्रजीत असतं म्हणून टाळू नका. सर्किटची चिन्हं तर सगळीकडे सारखीच असतात, आठवडाभर रोज एक पान गिरवलं तरी डोळ्याला सवय होते.

सुरुवातीला सगळे तुमच्यावर ओरडतील. मालकाचं भाडं बुडत असतं, ऑपरेटरची रोजी अडलेली असते, आणि तुम्ही गेज लावून तेल तापायची वाट बघत बसलेले. त्या वेळी मान खाली घालून "सील घालून देतो" म्हणावंसं वाटतं. थांबा. मालकाला जवळ बोलवा, काटा दाखवा आणि मॅन्युअलमधला आकडाही दाखवा. आकडा बघितल्यावर बहुतेक माणसं वेळ देतात. जो देत नाही त्याला बिलावरच लिहून द्या, "केस प्रेशर जास्त, कारण तपासलेलं नाही", आणि त्याची सही घ्या.

काम झाल्यावर मशीन लगेच सोडू नका. तेल पूर्ण तापेपर्यंत चालवा, केस प्रेशर पुन्हा वाचा, बेल हाऊसिंगचं भोक पुसून खाली कोरा पुठ्ठा ठेवा आणि रात्रभर तसंच राहू द्या. सकाळी पुठ्ठा कोरडा असेल तर लेव्हलवर मार्करने रेघ मारा, ती ऑपरेटरला दाखवा आणि आठवडाभर रोज सकाळी मशीन सपाट जागेवर, आर्म खाली असताना तिचा फोटो पाठवायला सांगा. मालकाला नव्हे, ऑपरेटरलाच सांगा. तोच मशिनवर बसतो.