गावाकडची जुनी गाडी मुंबईत आणताय? पीयूसीचं आधी वाचा

मी २०१२ ला नोकरीसाठी बेळगावहून मुंबईत आले आणि तीन वर्षांनी बाबांची २०११ ची पेट्रोल हॅचबॅक इकडे घेऊन आले, ती आजही माझ्याकडेच आहे आणि रोज चालते. गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीत खानापूरहून आलेला एक मुलगा पीयूसीत, म्हणजे गाडीच्या धुराच्या तपासणीत, नापास झाला आणि गॅरेजवाल्याने त्याला अगदी तेच सुचवलं जे मला सुचवलं होतं, सायलेन्सरच्या पाइपातली धूर साफ करणारी जाळी (कन्व्हर्टर) काढून टाक, म्हणून हे सगळं एकदा लिहून काढतेय. आपल्या बेळगावकडून येणाऱ्यांनी तरी परत तो खर्च करू नये.

आपल्याकडे एमिशन टेस्ट म्हणतात, इथे सगळे पीयूसी म्हणतात. पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यात टपरी असते किंवा व्हॅन उभी असते, शे-दीडशे रुपये, दहा मिनिटं. कर्नाटकातलं सर्टिफिकेट तारीख संपेपर्यंत इथेही चालतं, ते फेकून नवीन काढायची गरज नाही.

पण तारीख कधी संपते इथेच बरेच जण फसतात. माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीकडे माझ्याच मॉडेलची, त्याच वर्षीची गाडी आहे, मुंबईत घेतलेली. तिला एक वर्षाचं सर्टिफिकेट मिळतं, मला सहा महिन्यांचं. मला वाटायचं केंद्रवाला केए पासिंग बघून काहीतरी करतोय, मी एकदा त्याच्याशी वाद पण घातला, आणि नंतर कळलं की बरोबर तोच होता. बीएस-४ चा नियम (बीएस म्हणजे भारत स्टेज, नव्या गाडीच्या धुराची सरकारी पायरी) एप्रिल २०१० मध्ये फक्त मुंबईसारख्या १३ मोठ्या शहरांना लागू झाला, बाकी देशाला तेव्हा बीएस-३ लागू झालं, आणि बीएस-४ सगळीकडे यायला एप्रिल २०१७ उजाडलं. म्हणजे मधल्या काळात बेळगाव, निपाणी, खानापूरला घेतलेली गाडी बीएस-३ निघू शकते. बीएस-३ किंवा त्याआधीची असेल तर दर सहा महिन्यांनी पीयूसी, बीएस-४ आणि पुढच्यांना वर्षाने. आरसीवर नाहीतर एमपरिवहन ॲपवर बघून घ्या आणि फोनमध्ये रिमाइंडर लावून टाका. कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर दंड दहा हजारांपर्यंत आहे, शिवाय लायसन्स तीन महिने जाऊ शकतं.

पासची मर्यादाही त्यावरच ठरते. पेट्रोल गाडी आयडलवर (उभी, पण इंजिन चालू) असताना दोन आकडे बघतात, सीओ (कार्बन मोनॉक्साइड) आणि एचसी (हायड्रोकार्बन). बीएस-४ ला सीओ ०.३ टक्के आणि एचसी २०० पीपीएमच्या (दहा लाखांत किती भाग) आत लागतं, बीएस-२ आणि बीएस-३ ला ०.५ आणि ७५०, त्याच्याही आधीच्या कार्ब्युरेटरवाल्या गाड्यांना ३ टक्के आणि १५००. हे आकडे पाठ करा असं मी खरंच म्हणते, कारण गॅरेजवाला काही बोलायच्या आधी तुम्हालाच कळतं कुठे दुखतंय. एचसी म्हणजे न जळलेलं पेट्रोल, ते वाढलं की प्लग, कॉइल, मिसिंग (एखादा सिलिंडर नीट न पेटणं) बघायचं. सीओ म्हणजे अर्धवट जळलेलं, ते वाढलं की गाडी गरजेपेक्षा जास्त पेट्रोल पितेय, तेव्हा एअर फिल्टर, ऑक्सिजन सेन्सर बघायचे. कार्ब्युरेटर असेल तर अडकलेला चोक आणि मिक्स्चरचा स्क्रू.

आता माझी चूक. २०१८ च्या पावसाळ्यात गाडी सकाळी सुरू केली की थरथरायची, सिग्नलला उभी असताना हिसके द्यायची आणि चेक इंजिनचा पिवळा दिवा लागायचा. पीयूसीत एचसी आलं ११४०, सीओ १.३. मी जवळच्याच एका गॅरेजमध्ये गेले, त्याने गाडीखाली बॅटरी मारली, सायलेन्सरला दोन टोले मारले आणि म्हणाला, मॅडम, कन्व्हर्टर चोक झालाय, आतली जाळी काढून टाकतो, पंधराशे रुपये, पिकअप बघा कसा येतो. मी विचारलं की चालेल ना, तर म्हणाला, सगळे काढतात. मी हो म्हटलं. तासाभरात त्याने पहार घालून तो मधमाशीच्या पोळ्यासारखा भाग फोडून काढला, राखाडी तुकडे एका पोत्यात भरले आणि पोतं स्वतःकडेच ठेवलं. तेव्हा मला माहीत नव्हतं की त्या तुकड्यांवर प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियमचा थर असतो आणि भंगारात त्याचे चांगले पैसे येतात.

गाडी तशीच थरथरत राहिली. दुसऱ्या मेकॅनिकने स्कॅनर लावला तर तिसऱ्या सिलिंडरची इग्निशन कॉइल मेली होती. बस्स, एवढंच. एक सिलिंडर नीट पेटत नव्हता, न जळलेलं पेट्रोल तसंच बाहेर पडत होतं. कॉइल आणि प्लग बदलल्यावर इंजिन एकदम शांत झालं, एचसी ३२० वर आलं, पण सीओ ०.९ वरून हलेना. हलणार कसा, सीओचा कार्बन डायऑक्साइड करणारी वस्तूच आता गाडीत नव्हती. शेवटी नवीन कन्व्हर्टर बसवला, मजुरी धरून अडतीस हजार. जी गाडी तीन हजारांत दुरुस्त झाली असती तिच्यावर मी चाळीसच्या वर घातले, आणि बाबांना हे सांगायला मला दोन महिने लागले.

तेव्हा कुणीही, कितीही ओळखीचा असला तरी, जाळी काढू म्हणाला तर गाडी घेऊन सरळ बाहेर पडा. कन्व्हर्टर खराब होतो हे खरंय, पण तो बहुतेक वेळा दुसऱ्या कशामुळे तरी खराब होतो. मिसिंग मारणाऱ्या गाडीतलं कच्चं पेट्रोल त्यात जाऊन जळतं आणि तो आतून वितळतो, किंवा इंजिन ऑइल जाळत असेल तर त्याच्यावर थर बसतो. मूळ कारण न शोधता नवीन बसवलात तरी तोही जाणार. आधी स्कॅनर, मग प्लग-कॉइल, मग सेन्सर, आणि कन्व्हर्टर सगळ्यात शेवटी. बदललेला जुना भाग परत मागून घ्यायचा, तो तुमचा आहे. कुर्ल्याच्या सीएसटी रोडला जुने स्पेअर मिळतात, मी आरसा आणि दाराचं हँडल तिथूनच घेतलंय, पण कन्व्हर्टर आणि सेन्सर तिथून घेऊ नका, आत काय शिल्लक आहे ते बाहेरून दिसत नाही.

दुसरी गोष्ट खास आपल्याकडच्या गाड्यांची. चोर्ला घाटात गाडी तापते म्हणून आपले मिस्त्री थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत कूलंट अडवून धरणारा व्हॉल्व्ह) काढून टाकतात, माझ्या गाडीचाही काढलेला होता आणि बाबांना पत्ताच नव्हता. त्यामुळे इंजिन लवकर गरम होत नाही, आणि थंड इंजिनला गाडीतला कॉम्प्युटर जास्त पेट्रोल पाजतो, म्हणजे सीओ वर, ॲव्हरेज खाली. हायवेला गाडी धरल्यावर तापमानाचा काटा मध्यावर न थांबता खाली उतरत असेल तर समजा थर्मोस्टॅट नाही. पार्ट स्वस्त आहे, बसवून घ्या. मुंबईतल्या ट्रॅफिकमध्ये तापते असं वाटत असेल तर फॅन आणि कूलंट तपासा.

तिसरी मुंबईची देणगी, गंज. खारी हवा आणि चार महिने पाणी, सायलेन्सरचा पाइप इथे बेळगावपेक्षा कितीतरी लवकर कुजतो. पुढच्या बाजूला, ऑक्सिजन सेन्सरच्या आधी, बारीक भोक पडलं की बाहेरची हवा आत खेचली जाते, सेन्सरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय आणि कॉम्प्युटर आणखी सोडतो. सकाळी गाडी थंड असताना सुरू करा, कुणाला तरी जाड ओलं फडकं सायलेन्सरच्या तोंडावर दोन-चार सेकंद धरायला सांगा आणि बॉनेटजवळ, मग गाडीखाली कान द्या. कुठे फुसफुस आली तर आधी ते वेल्डिंग करून घ्या.

टेस्टच्या दिवशीचं सांगते. मी मुलुंडला राहते, रविवारी सकाळी साडेसातला निघते, इस्टर्न एक्स्प्रेस हायवेने घाटकोपरपर्यंत जाऊन परत येते आणि थेट पंपावर. वीस-पंचवीस मिनिटं नीट धावलेली गाडी आणि बिल्डिंगखालून सुरू करून पाच मिनिटांत रांगेत लावलेली गाडी यांच्या आकड्यांत खूप फरक पडतो, कारण कन्व्हर्टर तीनशेच्या आसपास डिग्री तापल्याशिवाय कामच करत नाही. रोज फक्त स्टेशन आणि बाजार करणाऱ्या गाडीत काजळी साठते, तिला अधूनमधून असं पळवलंच पाहिजे. रांग मोठी असेल तर नंबर यायच्या आधी दोन मिनिटं पंचवीसशे आरपीएमला धरा. एसी बंद. नंबर प्लेट पुसून घ्या, फोटो काढतात. ऑइल बदलायला आलं असेल तर टेस्टच्या आधी बदला, जुन्या ऑइलची वाफ परत इंजिनमध्येच जाऊन जळते. बाटलीतली औषधं पेट्रोलमध्ये ओतून पास होईल या भरवशावर राहू नका, मेलेली कॉइल त्याने जिवंत होत नाही.

आणि तिथे उभ्या राहा. लोखंडी नळी सायलेन्सरमध्ये चांगली फूटभर आत गेली पाहिजे, नुसती तोंडाशी अडकवली तर बाहेरची हवा मिसळते. स्क्रीनवर आकडे आधी वर जातात मग हळूहळू स्थिरावतात, ते स्थिर होईपर्यंत बघा.

हे एवढं सांगायचं कारण म्हणजे काही ठिकाणी नळी न घालताच फोटो काढून सर्टिफिकेट देतात, आणि आपल्यातलेच जुने लोक नवीन आलेल्यांना त्या पंपाचा पत्ता देतात. मला याचा फार राग येतो. मुंबईत मला या गावाने कधी परकं वाटू दिलं नाही, केए नंबर बघून कुणी वाकडं बोललं नाही, ट्रॅफिकवाल्या मामांनी सुद्धा कागद बघून नीट जाऊ दिलं. नोव्हेंबरपासून पुढे इथली हवा कशी होते ते तुम्ही पहिल्याच हिवाळ्यात बघाल, समोरची बिल्डिंग धुरकट दिसते, आमच्या मजल्यावरच्या दोन मुलांना तेव्हा नेब्युलायझर लागतो. त्या हवेत आपल्या गाडीचा धूर खोट्या कागदाखाली लपवून सोडायचा हे मला पटत नाही. शिवाय तुमचंच नुकसान आहे, माझ्या त्या मेलेल्या कॉइलची खबर सगळ्यात आधी पीयूसीच्या कागदानेच दिली होती, मी ती वाचली नाही हा भाग वेगळा.

डिझेलवाल्यांसाठी थोडक्यात. तिथे ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धुराची घनता मोजतात, बीएस-४ च्या आधीच्या गाड्यांना मर्यादा २.४५, बीएस-४ ला १.६२. इंजिन शेवटपर्यंत ताणलं जातं, त्यामुळे जाण्याआधी ऑइलची लेव्हल बघा, आणि टायमिंग बेल्ट कधी बदललाय हे माहीत नसेल तर तो बदलल्याशिवाय जाऊ नका. काळा धूर असेल तर एअर फिल्टर आणि इंजेक्टर, निळा असेल तर इंजिन ऑइल जळतंय, ते फिल्टर बदलून जाणार नाही.

सीएनजी किट इथे आल्यावर बसवणार असाल तर आरसीवर नोंद करून घ्या, आणि टाकीची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने केलेली तपासणी) दर तीन वर्षांनी.

नंबरचं लोक सगळ्यात जास्त विचारतात. दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची असेल तर तिथला नंबर घ्यावा लागतो. बेळगाव आरटीओची एनओसी आणा, इथला टॅक्स भरा, मग कर्नाटकातल्या उरलेल्या टॅक्सचा परतावा मागा. मी पहिल्याच वर्षी करून टाकलं, तुम्हीही करा, कारण गाडी जितकी जुनी तितका तो जुना फोन नंबर, जुना पत्ता, बँकेचं न काढलेलं हायपोथिकेशन (आरसीवरची कर्जाची नोंद) असं सगळं एकेक करून आडवं येतं. या सगळ्या कामांत पीयूसी चालू लागते. आरसीला बाबांचा बंद पडलेला मोबाइल नंबर जोडलेला असेल तर सगळ्यात आधी तो बदला, ओटीपी त्याच्यावरच जातो. पंधरा वर्षं पूर्ण होत आली असतील तर फिटनेस आणि पर्यावरण कराची तयारी ठेवा. दिल्लीत होती तशी दहा-पंधरा वर्षांची सरसकट बंदी इथे नाही.

एक सवय लावून घ्या, दर वेळचा पीयूसीचा कागद फाडू नका. माझ्या डॅशबोर्डात प्लास्टिकच्या पाऊचमध्ये २०१८ पासूनचे सगळे आहेत. नवीन कन्व्हर्टर बसवला तेव्हा सीओ ०.०४ होतं, मग बराच काळ ०.०६ च्या आसपास, गेल्या दोन वेळा ०.१३ आणि ०.२१. अजून आरामात पास आहे, पण पुढच्या शनिवारी ऑक्सिजन सेन्सर तपासायला गाडी टाकतेय.