ठिसूळ वस्तूंतून वीज वाहते का? प्रदर्शनात दाखवायचं कसं

सांगली-मिरजेकडच्या शाळांत विज्ञान प्रदर्शन म्हटलं की एक तक्ता हमखास दिसतो: ‘ठिसूळ वस्तू वीज वाहून नेत नाहीत’. शेजारी काच आणि खडू. तो तक्ता आधी काढून टाका. पेन्सिलीचं शिसं टचकन मोडतं, तरी त्यातून वीज जाते. बिडाचंही (ओतीव लोखंडाचंही) तेच, पंप दुरुस्तीच्या दुकानात फुटका इम्पेलर, म्हणजे पंपातलं पाणी फेकणारं चाक, मागा. उलट रबर बँड हवा तेवढा ताणा, वीज जाणार नाही. काच, शिसं, बीड, रबर मल्टिमीटरवर तपासणं सोपं आहे. फक्त मीटरच्या बझरवर (वीज गेली की वाजतो तो) विसंबू नका, शिशाचा रोध जास्त असला की तो गप्प बसतो. आकडा वाचा.

खरी परीक्षा पुढे आहे: एकच तांबं मऊ आणि कडक करून मोजणं. 18 गेजच्या एकसंध तारेचे सव्वा-सव्वा मीटरचे दोन तुकडे घ्या, पॉलिश पेपरने घासा. एक गॅसवर लाल करून मऊ करा. दुसरा खिळ्यावर गुंडाळा, सरळ करा, पुन्हा गुंडाळा. हाताला कडक लागला की थांबा, नाहीतर तुटेल.

आता ओहमची रेंज विसरा. अशा मीटरभर तारेचा रोध साधारण 0.015 ओहम, प्रोबच्या (मीटरच्या टोकदार दांड्यांच्या) वायरींचाच त्याच्या कितीतरी पट. त्या आकड्यावरून ‘दोन्ही सारखेच’ म्हणणं ही निव्वळ फसवणूक. दोन्ही तुकडे, 21 वॅटचा बल्ब आणि मोटारसायकलची 12 व्होल्टची बॅटरी एकसर जोडणीत घ्या. प्रवाह दोन्हींतून तोच जातो. मग प्रत्येक तारेवर बरोबर एक मीटर अंतराच्या खुणांवर मिलिव्होल्ट मोजा. पंचविसेक यायला हवेत. प्रोब तारेवरच टेकवा, क्लिपवर अजिबात नाही. सांध्याचा रोध त्यात मिसळतो आणि आकडा दर वेळी नाचतो.

तापवलेली तार पूर्ण गार होऊ द्या. तांबं 10 अंशांनी तापलं की रोध सुमारे 4 टक्के वाढतो. कडकपणाने वाढतो तो फार तर 2-3 टक्के. घाई केलीत तर मऊ तारच वाईट वाहक ठरेल.

कारण विचारलं तर एवढं सांगा: धातू वाकतो तो अणूंचे थर सरकतात म्हणून. वारंवार वाकवल्यावर थरांत गुंता होतो, सरकणं अडतं. मोकळ्या इलेक्ट्रॉनांना तो गुंता फारसा आडवा येत नाही.

एखादा परीक्षक काचेवरून छेडेलच. लालबुंद तापलेल्या काचेतून वीज जाते, आयन हलू लागतात म्हणून. हे तोंडी सांगा. शाळेत करून दाखवायच्या भानगडीत पडू नका.