बागेच्या छाटणीसाठी बॅटरीवरची छोटी चेन सॉ घेताय? आधी फांदी मोजा

आमच्याकडं जालना जिल्ह्यातल्या अंबड-घनसावंगी भागात हल्ली बॅटरीवरची छोटी चेन सॉ, म्हणजे फिरत्या साखळीची करवत, बऱ्याच घरांत दिसायला लागलीय. कुणी मोसंबीची सल (वाळलेल्या काड्या) काढायला घेतो, कुणी केसर आंब्याच्या झाडाचं मधलं पोट मोकळं करायला, कुणाला घरामागच्या कडुलिंबाच्या फांद्या पत्र्यावर घासतात म्हणून पाहिजे असते. पण दुकानात गेलो की सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, "किती व्होल्टची आहे?" आणि मीपण पहिल्या वेळी हाच प्रश्न विचारला होता, एका प्रदर्शनात, डब्यावर ४८ व्होल्ट लिहिलेलं बघून घेतली आणि बांधावरच्या वाळलेल्या बाभळीच्या तिसऱ्याच फांदीत ती बंद पडली. त्यानंतर मी जरा नीट शिकून घेतलं, ते इथं ओळीनं सांगतो.

पहिलं काम घरी करायचं, दुकानात नाही. सुतळी घ्या आणि बागेत फिरा. ज्या फांद्या खरंच तोडायच्या आहेत त्यांना सुतळी गुंडाळा, घेर मोजा, त्याला ३ नं भागा, झाली जाडी. घेर ९ इंच भरला तर फांदी ३ इंचाची. अशा पंधरा-वीस फांद्या मोजल्या की तुम्हाला मशीन लागतंय की नाही हेच आधी कळतं. अंगठ्याएवढ्या फांदीला सिकेटर (छाटणीची कात्री) बास आहे, दीड इंचापर्यंत लॉपर (लांब दांड्याची दोन हातांची कात्री) किंवा छाटणीची वाकडी करवत चालते, आणि करवतीचा काप मशीनपेक्षा साफ येतो. दीड ते चार इंच हे छोट्या चेन सॉचं खरं काम. सहा इंचाच्या वरचं लाकूड रोजचं असेल तर पेट्रोलवाली भाड्यानं आणा, छोटीला त्यात घालून मारू नका.

पिकाप्रमाणं पण फरक पडतो. मोसंबीची सल म्हणजे वाळलेल्या बारीक काड्या जास्त, त्या आंबिया बहाराच्या आधी झाड ताणावर असताना, म्हणजे पाणी तोडलेलं असताना, काढतात आणि वाळलेल्याच्या खाली इंचभर हिरव्यात घेऊन कापायचं असतं, ते सिकेटरनंच नीट होतं. शिवाय डिंक्या (खोडातून डिंक गळायचा रोग) असलेल्या झाडाला चेन सॉ लावूच नका, कारण सिकेटर औषधात बुडवून साफ करता येतो, चेन नाही, आणि एका झाडाचा रोग दुसऱ्याला जातो. याउलट आंबा उतरल्यावर जून-जुलैत केसरच्या आतल्या गर्दीच्या फांद्या काढायच्या असतील, किंवा एप्रिल-मेमध्ये बोरीची मोठी छाटणी असेल, तिथं हे मशीन खरं कामाला येतं, दिवसाचं काम दोन-तीन तासांत उरकतं. शेवग्यासाठी मात्र घेऊ नका, त्याचं लाकूड इतकं मऊ आहे की कोयता पुरतो.

बार किती इंची घ्यायचा

बार म्हणजे ज्याच्यावर चेन फिरते ती पट्टी. बाजारात ४, ६ आणि ८ इंची मिळतात. आता ४ इंची बार म्हणजे ४ इंचाची फांदी कापते असं नाही बरं का, टोकाजवळचा आणि मुळाजवळचा भाग धरला तर कामाची लांबी कमीच निघते. माझा हिशोब असा की सगळ्यात जाड नेहमीची फांदी बारच्या दोन-तृतीयांश असावी, म्हणजे ६ इंची बारला ४ इंचाची फांदी. घरची परसबाग, लिंबू, सीताफळ, जास्वंद एवढंच असेल तर ४ इंची घ्या, हलकी असते. आंबा, बोर, चिंच असेल तर ६ इंची. ८ इंचीला दोन हात लागतात आणि ती दिवसभर उचलणं सोपं नाही.

वजनाची परीक्षा घरीच होते. दोन लिटरची पाण्याची बाटली भरून हात पुढं करून पाच मिनिटं धरा. हात थरथरायला लागला की समजा बॅटरीसकट दोन किलोची सॉ तुम्हाला जड जाणार, आणि थकलेल्या हातात फिरती चेन ही लै वाईट गोष्ट आहे. आमच्या आईला मी म्हणूनच ४ इंची आणून दिली, तिच्याच्यानं तीच नीट होते.

व्होल्टचा घोळ

इथं जरा वेळ काढून वाचा, कारण पैसे इथंच बुडतात. या बॅटरीत लिथियमचे छोटे गोल सेल असतात, एका सेलचा व्होल्टेज साधारण ३.६ आणि फुल्ल चार्ज झाल्यावर ४.२. पाच सेल एकापुढं एक जोडले की ३.६ गुणिले ५ म्हणजे १८ व्होल्ट, फुल्ल चार्जला २१. म्हणजे डब्यावर १८ लिहा, २० लिहा नाहीतर २१ लिहा, आतला माल तोच पाच सेलचा. मग ४८ आणि ८८ कुठून आलं? खरे ४८ व्होल्ट पाहिजे असतील तर १३ सेल ओळीत लागतात, ८८ ला वीसच्या वर लागतात. नेहमीच्या आकाराच्या एका सेलचं वजन ४५ ग्रॅमच्या आसपास असतं. वीस सेल म्हणजे नुसत्या सेलचंच ९०० ग्रॅम झालं, आणि तुमच्या हातातली बॅटरी किराणा दुकानाच्या काट्यावर ३०० ग्रॅम भरतेय, तर तो आकडा नुसता छापलेला आहे, एवढं सरळ. माझी ती ४८ व्होल्टवाली मी नंतर उघडायला लावली तर आत पाचच सेल निघाले.

खरं बघायचं ते व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर (बॅटरीवर Ah लिहिलेलं असतं), त्यातून वॅट-अवर, म्हणजे बॅटरीत एकूण किती वीज मावते ते कळतं. १८ व्होल्ट २ अँपिअर-अवर म्हणजे ३६ वॅट-अवर, ४ अँपिअर-अवर म्हणजे ७२. ७२ वाल्या बॅटरीत फांद्या जवळपास दुप्पट निघतात, पण ती जडही असते, म्हणून मी म्हणतो एक मोठी घेण्यापेक्षा मधल्या दोन घ्या, एक चालतीय तोवर एक चार्जिंगला. घरात आधीच ड्रिल असेल तर त्याच कंपनीची, त्याच बॅटरीवर चालणारी नुसती सॉ मिळते का बघा, बॅटरीचेच पैसे जास्त असतात. शेतातल्या लाइटीचं वेळापत्रक तुम्हाला माहीतच आहे, तेव्हा चार्जिंग आदल्या रात्री घरी करून ठेवायचं.

मोटर ब्रशलेस मिळाली तर घ्या, तिच्यात झिजणारे कार्बन ब्रश नसतात, गरम कमी होते आणि तेवढ्याच चार्जिंगमध्ये जास्त चालते. वर्षातून चार दिवस वापरणाऱ्याला साधी पण चालेल.

तेल आणि चेन, दुकानात विचारायचं ते

तेल नसेल तर चेन आणि बार दोन्ही जळतात. काही मॉडेलला छोटी टाकी असते आणि तेल आपोआप येतं, काहींना दर थोड्या वेळानं हातानं थेंब सोडावे लागतात. टाकीवाली चांगली, पण तेल खरंच येतं का ते बघायचं, पांढऱ्या कागदासमोर चेन काही सेकंद फिरवा, बारीक तेलाची रेघ उठली पाहिजे. तेल चेनचंच वापरावं, ते चिकट असतं म्हणून चेनवर टिकतं. गॅरेजमधलं जळकं ऑइल फळझाडाला नको, ते कापलेल्या जागेत आणि जमिनीत जातं. आणि आपल्याकडं करडईचं तेल घरात असतं म्हणून तेच घालायचा मोह होतो, ते तर अजिबात नको, करडईचं तेल हवेत वाळून डिंकासारखं होतं, आठ दिवस सॉ पडून राहिली की चेन बारला चिकटून बसते. माझ्या चुलतभावाची तशी बसली होती, रॉकेल लावून लावून सोडवली.

चेन ही झिजणारी वस्तू आहे, म्हणून मशीन घेतानाच दोन जास्तीच्या चेन मागा. दुकानदाराला तीन गोष्टी विचारायच्या: पिच किती, गेज किती, आणि ड्राइव्ह लिंक किती. पिच म्हणजे चेनच्या कड्यांमधल्या अंतराचं माप, ड्राइव्ह लिंक म्हणजे चेनच्या आतल्या बाजूचे दात, जे बारच्या खाचेत फिरतात, ते मोजता येतात, आणि गेज म्हणजे त्या दातांची जाडी. हे तीन आकडे मोबाइलमध्ये लिहून ठेवा. जालन्याच्या किंवा लातूरच्या मोंढ्यात त्या मापाची चेन मिळत नसेल तर ते मशीन कितीही स्वस्त असलं तरी सोडा. छोट्या सॉला बहुधा पाव इंच पिचची चेन असते, तिला घासायला ४ मिलीमीटरची गोल कानस लागते, काहींना ३.२ ची. वाळलेल्या बाभळीत किंवा चिंचेत धार लवकर जाते, भुशाऐवजी पीठ पडायला लागलं की धार गेली म्हणून समजा.

हात वाचवणाऱ्या गोष्टी

स्विच दोन टप्प्यांचा पाहिजे, म्हणजे आधी लॉकचं बटण दाबल्याशिवाय चेन फिरणारच नाही. चेनवर वरून झाकण पाहिजे. बटण सोडल्यावर चेन लगेच थांबते का ते दुकानात बघून घ्या, कारण मोठ्या सॉला असतो तसा चेन ब्रेक (झटका बसला की चेन जागीच थांबवणारा) या छोट्यांना बहुतेक नसतोच. बारच्या टोकाचा वरचा भाग फांदीला लागला की सॉ झटक्यात आपल्याकडं उलटी येते, म्हणून टोकानं कधी कापायचं नाही, बारच्या मधल्या भागानं कापायचं.

सगळ्यात जास्त जखम होते ती दुसऱ्या हाताला. एका हातात सॉ आणि दुसऱ्या हातानं तीच फांदी धरलेली, हे मी रोज बघतो आणि प्रत्येक वेळी काळजात धस्स होतं. दुसरा हात मागं ठेवा नाहीतर मशीनवर ठेवा. चष्मा, हातमोजे, बूट, डोक्याला टापर गुंडाळली असेल तर तिचं टोक आत खोचून. शिडीवर चढून चालवू नका, उंचीच्या फांदीला लांब दांड्याची सॉ असते. आणि विजेच्या तारेला टेकलेली फांदी असेल तर तिथं आपण हातच घालायचा नाही, लाइनमनला सांगायचं. शहरात राहत असाल तर झाड तोडण्याबाबत १९७५ चा राज्याचा कायदा आहे, मोठ्या फांद्या तोडण्याआधी महापालिकेत किंवा नगरपरिषदेत विचारून घ्या, झाड आपल्या अंगणातलं असलं तरी.

आणल्यावर पहिली फांदी

जाड फांदी एका दमात वरून कापली की वजनानं फाटते आणि खोडाची साल खाली सोलत नेते. म्हणून तीन काप. खोडापासून हात-दीड हात सोडून खालून एक-तृतीयांश काप घ्या, मग त्याच्या थोडं पुढून वरून कापा, फांदी पडेल. राहिलेला ठोंब शेवटी कापायचा, पण खोडाला अगदी घासून नाही, फांदीच्या बुडाशी जो फुगीर गोल भाग असतो तो तसाच ठेवून. जखम तिथूनच भरून येते. नंतर कापलेल्या जागेवर बोर्डो पेस्ट (बुरशी लागू नये म्हणून लावायचा लेप) लावा, १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १० लिटर पाणी, मोरचूद आणि चुना वेगवेगळे भिजवून मग एकत्र करायचे आणि लोखंडी भांडं वापरायचं नाही.

बॅटरी पत्र्याच्या शेडमध्ये किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नका, वैशाखात आपल्याकडं बाहेरच ४२-४३ अंश असतं, पत्र्याखाली त्याहून जास्त. कामावरून आणल्या आणल्या चार्जिंगला लावू नका, आधी सावलीत गार होऊ द्या. महिनोन्‌महिने वापरायची नसेल तर निम्मी चार्ज करून घरात ठेवा. चेन साफ करताना, ताणताना, दुसऱ्याच्या हातात देताना आधी बॅटरी काढायची.

नवी चेन पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत सैल होते, त्यात मशीन बिघडलं असं काही नाही. थांबा, बॅटरी काढा, चेन पूर्ण गार होऊ द्या आणि मगच ताणा, कारण गरम असताना ताणलेली चेन गार झाल्यावर आकसते आणि बार ओढते. बारच्या खालच्या बाजूनं चेन चिमटीत ओढून सोडली की ती परत जागेवर बसली पाहिजे, आणि मोजे घालून हातानं फिरवली तर सहज फिरली पाहिजे.